मधमाश्यांचे मोहोळ आणि शेजाऱ्याचा भाजीमळा

मल्कोश म्हणजे पावसाळ्याचा शेवटचा पाऊस. तो पडून गेला की इस्राएलमध्ये भाजीमळ्याच्या कामाला जोर येतो. काकडी, किशू, भोपळा, खरबूज यांचे बी घालायचे ते पेसाखच्या आगेमागेच. नेमक्या याच दिवसांत किनारपट्टीवरच्या संत्र्यांच्या बागा फुलतात आणि मधमाश्यांच्या पेट्या गजबजून जातात. भाजीमळा आणि मधमाशी यांचा हा शेजार आपल्या भूमीत फार जुना आहे, आणि आपल्या रब्बींनी त्याविषयी नियमही घालून ठेवले आहेत.

'दूध आणि मध वाहणारा देश' हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण हा मध कसला? अनुवादाच्या ८व्या अध्यायात या भूमीची सात पिके सांगितली आहेत. त्यांतला 'दवश' हा इतर फळांबरोबर येतो, म्हणून तो खजुराचा मध असे आपले विद्वान मानतात. शिमशोनाला सिंहाच्या सांगाड्यात मध सापडला आणि योनाथानाने रानात काठीचे टोक मधात बुडवले. तो मध माश्यांचाच होता, पण रानातला. त्यामुळे त्या काळी या देशात कोणी मधमाश्या पाळत असेल, असे अभ्यासकांना फारसे वाटत नव्हते.

बेत शआन खोऱ्यातल्या तेल रेहोव्ह येथील उत्खननाने हे मत बदलले. हिब्रू विद्यापीठाचे प्राध्यापक अमिहाय माझार यांच्या पथकाला तेथे मधमाश्या पाळण्याची पूर्ण जागाच सापडली. ही बातमी २००७ साली जाहीर झाली. ती जागा सुमारे २९०० वर्षांपूर्वीची, म्हणजे इस्राएलच्या राजांच्या काळातली आहे. माती आणि पेंढा यांची न भाजलेली नळकांडी तेथे रांगेने, एकावर एक रचलेली होती. प्रत्येक नळकांडे साधारण ८० सेंटीमीटर लांब व ४० सेंटीमीटर रुंद होते. एका टोकाला माश्यांसाठी लहान भोक आणि दुसऱ्या टोकाला मध काढण्यासाठी मातीचे झाकण. सुमारे ३० नळकांडी मिळाली, पण मुळात तेथे शंभरावर असावीत असा अंदाज आहे. आगीत जळालेल्या माश्यांचे अवशेषही त्यांत राहिले होते. २०१० साली त्यांची तपासणी झाली, तेव्हा त्या माश्या आजच्या तुर्कस्तानातल्या जातीशी जुळल्या. येथली मूळची माशी तापट असते. म्हणून लोकांनी दुरून गरीब स्वभावाची जात आणली असावी, असे अभ्यासक म्हणतात.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे हे मोहोळ गावाबाहेर नव्हते, भर वस्तीत होते. लाखो माश्या आणि माणसांची घरे एकमेकांना लागून! अशा ठिकाणी शेजाऱ्यांत कुरबूर झाल्याशिवाय कशी राहील? त्या गावचे कायदे आपल्यापर्यंत आले नाहीत. पण पुढे हजार वर्षांनी, इसवी सन २००च्या सुमारास रब्बी येहुदा हनासी यांनी मिश्नाचे संकलन केले, त्यात या कुरबुरींचा निवाडा आहे.

पहिला निवाडा भाजीमळ्याचा. बावा बाथ्रा या भागात सांगितले आहे की ज्या डबक्यात अंबाडीसारखी झाडे कुजत घालतात ते शेजाऱ्याच्या भाजीपासून दूर ठेवावे, आणि मोहरी मधमाश्यांपासून दूर पेरावी. मोहरीने माशीचे तोंड झणझणते, मग ती आपलाच मध खाऊन टाकते, अशी तेव्हाची समजूत होती. पण रब्बी योसे यांनी मोहरी पेरायला मोकळीक दिली. त्यांचे म्हणणे तालमूदमध्ये उलगडून सांगितले आहे. माश्यांचा मालक मोहरी हलवायला सांगत असेल, तर मोहरीवालाही त्याला माश्या हलवायला सांगू शकतो, कारण त्या येऊन त्याच्या मोहरीची फुले खातात. आज आपल्याला ठाऊक आहे की माशी फूल खात नाही. ती रस आणि पराग नेते आणि त्यामुळे मोहरीला दाणा चांगला भरतो. म्हणजे दोघेही ज्याला नुकसान समजत होते त्यात दोघांचा फायदाच होता. तरी रब्बी योसे यांचा न्याय खोटा ठरत नाही. तक्रार करणाऱ्याने आपल्या बाजूने शेजाऱ्याला काय त्रास होतो तेही पाहावे, असा त्याचा अर्थ.

दुसरा निवाडा वसंत ऋतूतल्या थव्याचा. मोहोळात गर्दी झाली की जुनी राणीमाशी निम्म्याअधिक माश्यांना घेऊन बाहेर पडते आणि कुठल्या तरी फांदीवर माश्यांचा घोस लटकतो. ती फांदी शेजाऱ्याच्या झाडाची असली तर? बावा कामा सांगतो की मालकाने आपला थवा आणायला शेजाऱ्याच्या शेतात जावे, नुकसान झाले तर भरून द्यावे, पण फांदी मात्र तोडू नये. रब्बी योहानान बेन बरोका यांचे आणखी एक मत तेथे दिले आहे. थवा कुठून निघाला हे सांगताना बाईचा किंवा लहान मुलाचा शब्दही मानावा. एरवी ज्यांची साक्ष न्यायसभेत घेत नसत, त्यांचा शब्द येथे चालतो. कारण उघड आहे. परसात, मळ्यात दिवसभर तीच माणसे असत.

तिसरा निवाडा मध काढण्याचा. मोहोळातल्या मधाच्या पोळ्या विकत घेणाऱ्याने दोन पोळ्या माश्यांसाठी आत ठेवाव्यात, म्हणजे हिवाळ्यात त्यांना खायला राहील.

आपल्या बेने इस्राएल पूर्वजांजवळ शतकानुशतके हा मिश्ना नव्हता. शेमा, शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम त्यांनी कोकणात जपले. बाकीचे ग्रंथ कोचीनच्या व इतर शिक्षकांकडून पुष्कळ उशिरा आले. पण माशी आणि मळा त्यांच्या घराजवळच होते. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या भागांतल्या गावांत घाणा चालवणारे आपले शनिवार तेली ज्या तिळाचे तेल गाळत, त्या तिळाच्या फुलांवर सातेरी माशी येतेच. ही माशी झाडाच्या ढोलीत नाहीतर वारुळात राहते.

इस्राएलमध्ये आल्यावर मात्र आपल्या लोकांना भाजीचे सगळे वेळापत्रक उलटे करावे लागले. कोकणात पाऊस सुरू झाला की भोपळ्याचे, काकडीचे बी टोचायचे आणि वेल मांडवावर चढवायचा. येथे पाऊस संपला की बी घालायचे आणि पुढे सगळे पाणी आपण द्यायचे. १९४९ साली रेशनिंगचा, 'त्सेना'चा काळ सुरू झाला व तो १९५९पर्यंत चालला. त्या दिवसांत दाराशी लावलेली चार रोपे ही हौस नव्हती, ती ताटातली भाजी होती.

भोपळ्याच्या वेलाचा नियम मात्र दोन्ही देशांत एकच. त्याला नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी. मादी फुलामागे इवलेसे फळ असते. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्या वेळात माशीने पराग आणला नाही तर ते फळ पिवळे पडून गळते. माश्या दिसत नसतील तर नर फूल तोडून हलकेच मादी फुलावर टेकवावे. हे काम खुर्चीत बसूनही करता येते.

आज येथल्या पेट्यांत बहुतेक इटालियन वंशाची माशी असते, म्हणजे पुन्हा बाहेरून आणलेली शांत जात! तेल रेहोव्हच्या लोकांनी जे केले तेच आपण केले. रोश हशानाला, आपल्या जुन्या भाषेत 'नव्याच्या सणाला', सफरचंदाबरोबर जो मध आपण खातो, त्यातला बराचसा वसंतातल्या फुलांचा असतो.

तेव्हा या वसंतात अंगणात किंवा गच्चीतल्या कुंड्यांत भाजी लावली असेल तर फुले उमललेली असताना सकाळी औषध मारू नये. मारावेच लागले तर सूर्य मावळल्यावर मारावे. झाडावर माश्यांचा घोस दिसला तर दगड किंवा पाण्याचा फवारा मारू नये. मुलांना लांब ठेवावे आणि जाणत्या माणसाला बोलवावे. आपल्या औषधाने शेजाऱ्याच्या माश्या मरतात आणि त्याच्या माश्यांमुळे आपला भोपळा धरतो. मिश्नाच्या काळी हा हिशेब कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी मांडत. आपणही तसाच मांडावा.