अंगावर काढलेले दुखणे : स्त्रियांच्या जननमार्गाच्या विकारांची परिभाषा व तिचा इतिहास

मराठीतील 'अंग' हा शब्द मोठा सोशिक आहे. 'दुखणे अंगावर काढणे' म्हणजे उपचारावाचून सोसणे. 'अंगावरून जाणे' म्हणजे योनिमार्गातून रक्त अथवा पांढरे पाणी जाणे. 'अंग बाहेर येणे' म्हणजे गर्भाशय स्थानभ्रष्ट होऊन खाली सरकणे. पैकी पहिला प्रयोग कोणत्याही आजाराला व कोणत्याही माणसाला लागू पडतो, तर उरलेले दोन केवळ स्त्रियांचे होत. परंतु परभणी जिल्ह्यातील काय किंवा गडचिरोलीतील काय, खेड्यातील स्त्रीच्या आयुष्यात हे तिन्ही प्रयोग एकाच अनुभवाची अंगे ठरत आले आहेत, आणि तिन्हींत अवयवाचे नाव कोठेही उच्चारलेले नाही. जे नाव घेऊन सांगता येत नाही त्याची मोजदादही होत नाही, असा वैद्यकाच्या इतिहासाचा अनुभव आहे.

जुन्या ग्रंथांत मात्र नावांची उणीव नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचे वर्णन असून त्यांची कारणे मिथ्या आचार, आर्तवाची दुष्टी, बीजदोष व दैव अशी चार सांगितली आहेत. 'प्रदर' हा शब्दही याच परंपरेतला. पुढे सोळाव्या शतकात भावमिश्राने आपल्या 'भावप्रकाशा'त 'फिरंग रोगा'ची नोंद केली. पोर्तुगीजांबरोबर या देशात पसरलेला हा रोग फिरंगी पुरुषांच्या व विशेषतः फिरंगी स्त्रियांच्या संसर्गाने होतो, असे तो सांगतो, आणि त्यावर चोपचिनी सुचवितो. रोगाला परक्याचे नाव द्यावयाचे ही रीत केवळ आपली नव्हे. फ्रेंचांनी त्याच रोगाला नेपल्सचे नाव दिले व इटालियनांनी फ्रान्सचे.

लोकभाषेने यातले थोडेच उचलले. 'प्रमेह' या शब्दातील जोडाक्षर सैल होऊन 'परमा' झाला आणि त्याचा अर्थ पूयप्रमेहापुरता आकुंचित झाला. फार्सीतून आलेली 'गरमी' उपदंशासाठी रूढ झाली. मराठवाड्यात आणखी एक थर होता. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे कचेरीची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात आधुनिक वैद्यकदेखील उर्दूतून शिकविले जाई. हकिमी परिभाषेत परम्याला 'सुजाक', गरमीला 'आतशक' व पांढऱ्या प्रदराला 'सैलान-उर-रहम' अशी नावे होती. यातील 'आतशक'च्या मुळाशी आतश म्हणजे विस्तव आहे. गरमीप्रमाणेच येथेही उष्णतेची कल्पना आहे हे सहज लक्षात येईल.

हे सारे शब्द पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. परमा, गरमी, सुजाक यांचा बोलण्यातला उपयोग मुख्यतः पुरुषाच्या रोगासाठी होतो. तो त्याला कोठून लागला याची कुजबूज होते; तो त्याने घरी कोणाला दिला याला शब्द नाही. स्त्रीच्या वाट्याला 'पांढरे जाणे' व 'धुपणी' हे शब्द आले. 'धुपणी' हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. 'धुपणे' या क्रियापदाशी त्याचे नाते उघड दिसते. पावसाने बांध फुटून शेताची माती वाहून जाते तेव्हा शेतकरी 'जमीन धुपली' असेच म्हणतो. शरीराचा कस थोडा थोडा वाहून चालला आहे, म्हणून कंबर दुखते, हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी या शब्दामागील समजूत आहे. ती शारीरविज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही, हे खरे. पण स्त्रीला नेमके कसले भय वाटते हे त्या एका शब्दात जितके कळते तितके 'श्वेतप्रदरा'त कळत नाही.

इंग्रजी राजवटीने या विषयात लक्ष घातले ते स्त्रीसाठी नव्हे, शिपायासाठी. १८६४ च्या छावणी कायद्याने व १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी, त्यांची सक्तीची तपासणी आणि रोग आढळल्यास 'लॉक हॉस्पिटला'त स्थानबद्धता अशी पद्धत सुरू झाली. शिपायाची तशी तपासणी होत नसे. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी चालविलेल्या चळवळीनंतर तेथील कायदा १८८६ मध्ये व येथील १८८८ मध्ये रद्द झाला. परंतु या पंचवीस वर्षांत यंत्राने केलेली तपासणी व बदनामी यांची जी सांगड पडली ती कायद्याबरोबर गेली नाही. 'गुप्तरोग' या सामासिक शब्दात ती पुरेपूर उतरली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हे विषय सरळ मराठीत मांडले, त्यासाठी खटले सोसले. पण त्यांचा वाचक शहरी व साक्षर होता.

याच काळात पाश्चात्त्य वैद्यकातही एक उपेक्षित प्रकरण घडले होते. न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय करणारे जर्मन डॉक्टर एमिल नोगेराथ यांनी १८७२ मध्ये असे प्रतिपादन केले की, पतीचा बरा झालासा वाटणारा परमा पत्नीच्या शरीरात लक्षणावाचून दडून राहतो आणि तिच्या वंध्यत्वाचे ते एक मोठे कारण असते. त्यांची थट्टा झाली. १८७९ मध्ये नायसर यांनी या रोगाचा जंतू दाखविल्यानंतर मत पालटू लागले. आपल्याकडे 'वांझ' हा शब्द त्यानंतरही शंभर वर्षे एकट्या स्त्रीलाच चिकटून राहिला, आणि त्यापायी कित्येकींच्या घरी सवत आली.

स्वातंत्र्यानंतर खेड्यात आरोग्यकेंद्रे आली. मराठवाड्याला १९५६ मध्ये औरंगाबाद येथे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. परंतु सरकारी आरोग्यसेवेच्या दृष्टीने स्त्री म्हणजे एक तर गर्भवती किंवा कुटुंबनियोजनाची 'केस' होती. या दोन्हींच्या मध्ये जी स्त्री उरते तिच्यासाठी नोंदवहीत रकानाच नव्हता. टाक्याची शस्त्रक्रिया अथवा तांबी बसविणे हे काम स्वच्छतेची काळजी न घेता उरकले तर त्यातूनही जंतुसंसर्ग होतो, हे तर बोलण्याच्याही पलीकडे राहिले.

ही कोंडी महाराष्ट्राच्याच एका टोकाला फुटली. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था काढली आणि वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची स्त्रीरोगविषयक तपासणी केली. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक विकार होते; दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार आढळले व त्यांतील निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या, म्हणजे विकार असूनही न बोलणाऱ्या पुष्कळच निघाल्या. गावातील सर्व पात्र स्त्रिया तपासणीस आल्या नव्हत्या, त्यामुळे आकडा थोडा फुगला असेल, असा आक्षेप घेता येतो. पण तो निम्म्यावर आणला तरी प्रश्नाचे स्वरूप बदलत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बंग दांपत्याने स्त्रियांच्या शब्दांचीही नोंद घेतली. राणी बंग यांच्या 'कानोसा' या पुस्तकाचे नावच त्या पद्धतीचे वर्णन आहे. विचारणाऱ्याला 'धुपणी' हा शब्द ठाऊक असेल तर उत्तर मिळते, 'योनिस्राव' म्हणून विचारले तर मान खाली जाते.

१९९४ च्या कैरो परिषदेत प्रजनन-आरोग्य ही संकल्पना जगाने मान्य केली, तेव्हा अशा अभ्यासांचा आधार होता. भारताने १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला. एड्सच्या भीतीनेही या संसर्गांना एकाएकी महत्त्व आले. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी लक्षणसमूहावरून औषध द्यावयाचे असे ठरले व त्यासाठी रंगीत संच आले : गर्भाशयमुखाच्या दाहाला करडा, योनिदाहाला हिरवा, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळा. योजना सोयीची होती, परंतु तिचा सारा भार स्त्रीच्या सांगण्यावर होता. गोव्यातील अल्डोना आरोग्यकेंद्राच्या परिसरात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २४९४ स्त्रियांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००५ व २००६ मध्ये आले. प्रयोगशाळेत २८.३ टक्के स्त्रियांत संसर्ग आढळला. त्यातील बहुतेक लैंगिक संबंधातून येणारे नव्हते, योनीतील नेहमीच्या जंतूंचा समतोल ढळल्याने होणारे होते. उलट पांढऱ्या पाण्याची तक्रार १४.५ टक्के स्त्रियांनी केली, आणि त्या तक्रारीचे नाते संसर्गापेक्षा मनावरील ताण व थकवा यांच्याशी अधिक निकट निघाले. गडचिरोलीत रोग असून शब्द नव्हता. गोव्यात शब्द होता, पण त्याचा अर्थ पुष्कळदा दुसराच होता. 'गुप्तरोग' ही एकच चिठ्ठी या सर्वांवर लावणे किती अन्यायाचे आहे, हे यावरून दिसते. धुपणीची औषधे मागणाऱ्या बाईच्या नवऱ्यावर किंवा तिच्यावर संशय घेण्याचे बहुतेक वेळा कारणच नसते.

मराठवाड्यातील प्रयोग म्हणून उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्याचा उल्लेख आवश्यक आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा मुळात लैंगिक संबंधातून येणाऱ्या विषाणूचा दूरचा परिणाम होय. बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन केलेल्या अभ्यासात, विषाणूची एकदाच केलेली चाचणी मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी करते असे २००९ मध्ये सिद्ध झाले. ज्या गटाची तपासणी केली गेली नाही त्यातील स्त्रियांविषयी पुढे नैतिक वाद झाला, तो अनाठायी नव्हता.

परभणीसह शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशोबात जोडी म्हणजे एक 'कोयता', आगाऊ रक्कम म्हणजे 'उचल' आणि बुडालेला दिवस म्हणजे 'खाडा'. खाड्याला दंड असतो. फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळीचा किंवा ओटीपोटाच्या दुखण्याचा दिवसही खाडाच ठरतो. बीड जिल्ह्यातील वार्ता २०१९ मध्ये पुढे आल्या, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांचे, गर्भाशय काढलेले आढळले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटासाठी देशाचे प्रमाण ३.२ टक्के होते. अनेकींचे मूळ दुखणे अंगावरून जाणे व ओटीपोट दुखणे एवढेच होते, जे गोळ्यांनी आवरण्याचा संभव असतो. कर्करोगाची भीती घातल्याने शस्त्रक्रिया झाल्याचे पुष्कळ जणींनी सांगितले.

या स्त्रिया 'गर्भाशय' म्हणत नाहीत, 'पिशवी' म्हणतात. मुले झाली की पिशवी रिकामी झाली, आणि रिकामी पिशवी बाळगून काय उपयोग, असा विचार तो शब्दच सुचवितो. डॉक्टरलाही मग फार समजावावे लागत नाही. बीडमध्ये त्यानंतर अशा शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी बंधनकारक करण्यात आली, आणि ऊसतोडीला जाण्यापूर्वी व परतल्यावर मजुरांची आरोग्यतपासणी व्हावी अशी समितीने शिफारस केली. त्या तपासणीला बसणाऱ्या परिचारिकेपुढे प्रश्नावली असते. तीत 'योनिस्राव' लिहावयाचे की 'धुपणी', हे अद्याप ठिकठिकाणी ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.