अब्रू कोणाला असते?

गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर आला असताना, एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवून ठेवीत होतो. तेवढ्यात आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आत आले. हातात पोलीस चौकीवर नोंदवलेल्या एन.सी.ची प्रत होती. वाडीच्या बांधावरून त्यांचा चुलतभावाशी वाद झाला होता आणि चार माणसांदेखत चुलतभावाने त्यांच्या दिवंगत आईचा उद्धार केला होता. ‘फादर, त्याने मारले असते तर मी सोसले असते. पण तो आईवरून बोलला,’ असे म्हणताना त्या पन्नाशीच्या माणसाचा गळा दाटून आला. त्यांना कोर्टात तक्रार गुदरायची होती आणि त्यासाठी आमच्याकडून चांगल्या वर्तणुकीचे पत्र हवे होते. जाता जाता त्यांनी विचारले, ‘नुसत्या शब्दांसाठी कायदा खरेच शिक्षा करतो का हो?’

पत्र देण्याआधी आम्ही दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली. सेमिनरीत असताना कॅनन कायद्याच्या प्राध्यापकांनी रोमन कायद्याची थोडी ओळख करून दिली होती. त्या वेळच्या वह्या काढल्या, काही पुस्तके चाळली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण असा प्रश्न आपल्या अनेक कुटुंबांत केव्हा ना केव्हा उभा राहतो.

इसवी सनापूर्वी ४५१-४५० या काळात रोमन लोकांनी आपले कायदे बारा फलकांवर लिहून काढले. त्यांत शरीराला होणाऱ्या इजेचा जणू दरपत्रकच होते. स्वतंत्र माणसाचे हाड मोडल्यास ३०० आस, गुलामाचे मोडल्यास १५० आस. ‘आस’ हे ब्राँझचे वजनी परिमाण होते. पुढे त्याच नावाचे नाणे निघाले. थप्पड मारणे यांसारख्या हलक्या आगळिकीला ‘इन्जुरिया’ म्हणत आणि तिचा दंड २५ आस होता. जे न्यायाला धरून नाही ते, असा या शब्दाचा मूळ अर्थ. इंग्रजीतील ‘इंजुरी’ हा परिचित शब्द त्याचाच वंशज होय. मात्र कोणाची बेअब्रू करणारे गाणे रचून गाणाऱ्याला याच बारा फलकांनी देहदंड सांगितला होता. ही माहिती सिसेरोच्या ग्रंथात होती आणि तो उतारा आपल्यासाठी जतन केला तो संत ऑगस्टीनने, आपल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात.

काळ लोटला, पैसा स्वस्त झाला आणि २५ आसांना काही किंमत उरली नाही. ऑलस गेलियस या लेखकाने लुसियस वेराशियस नावाच्या एका उर्मट श्रीमंताची हकिगत सांगितली आहे. रस्त्याने जाता जाता भेटेल त्या स्वतंत्र नागरिकाच्या मुस्कटात द्यायची, ही त्याची करमणूक. मागे पैशांची थैली घेतलेला गुलाम चाले. थप्पड बसली की गुलामाने तिथल्या तिथे २५ आस मोजून द्यायचे. कायदा पाळला गेला, पण माणसाची अब्रू रस्त्यावर पडली! अखेर प्रेटर या न्यायाधिकाऱ्यांनी ठरावीक दंड बाजूला सारला. अपमान किती मोठा, तो कोठे झाला, कोणाचा झाला, हे पाहून भरपाई ठरवण्याची रीत त्यांनी सुरू केली. कोणाच्या दारात जमाव करून आरडाओरडा करणे, घरंदाज स्त्रीचा पाठलाग करून तिला लज्जित करणे, बदनामी करणारे लिखाण पसरवणे, हे सारे इन्जुरियाच्या कक्षेत आले. इसवी सनापूर्वी ८१ मध्ये सुल्लाच्या राजवटीत झालेल्या कायद्याने मारहाण, धक्काबुक्की आणि घरात बळजबरीने घुसणे यांसाठी फौजदारी स्वरूपाची कारवाईही ठेवली.

येथवर वाचून रोमन लोकांविषयी आदर वाटू लागतो. परंतु इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने सिद्ध करविलेल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या पाठ्यग्रंथातील एका नियमापाशी आम्ही थबकलो. गुलामाचा स्वतःचा अपमान होऊच शकत नाही. त्याच्या निमित्ताने अपमान होतो तो त्याच्या धन्याचा, असा तो नियम. गुलामाला चाबकाने फोडून काढले, तर अब्रू धन्याची गेली म्हणून दाद धन्याने मागायची. ज्याच्या अंगावर वळ उठले त्याला अब्रूच नव्हती. अपमानाच्या कायद्याचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, असे आम्हांला वाटते: अब्रू कोणाला असते?

ज्यांच्याकडे सत्ता होती त्यांनी याचे उत्तर फार लवकर देऊन टाकले. राज्याच्या प्रतिष्ठेचे रक्षण करण्यासाठी केलेला कायदा सम्राटांच्या काळात सम्राटाविरुद्ध काढलेल्या शब्दालाही लागू झाला. इ.स. २५ मध्ये, तिबेरियसच्या कारकिर्दीत, क्रेमुशियस कोर्दस या इतिहासकारावर खटला झाला. त्याने ब्रूटसची स्तुती केली होती आणि कॅशियसला शेवटचा रोमन म्हटले होते, एवढाच त्याचा अपराध. त्याने अन्नत्याग करून प्राण सोडला आणि त्याचे ग्रंथ जाळण्यात आले.

याच्या अगदी उलट एक आदेश सम्राट थिओडोसियसच्या नावावर आहे. थेस्सलोनिका येथील कत्तलीबद्दल ज्याला इ.स. ३९० मध्ये संत अॅम्ब्रोजने प्रायश्चित्त घ्यायला लावले, तोच हा सम्राट. तीन वर्षांनी त्याने फर्मावले, की कोणी आमच्याविषयी वाईट बोलला तर त्याला परस्पर शिक्षा करू नये, प्रकरण आमच्याकडे पाठवावे. तो उथळपणाने बोलला असेल तर दुर्लक्ष करावे, वेडाच्या भरात बोलला असेल तर त्याची कीव करावी आणि दुष्टाव्याने बोलला असेल तर त्याला क्षमा करावी. सिंहासनावर बसलेल्या माणसाने आपली अब्रू कायद्याच्या काठीविना सांभाळण्याची ही तयारी दाखवली, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने या विषयाचा नैतिक अंगाने विचार केला. माणसाच्या तोंडावर केलेला अपमान आणि पाठीमागे केलेली निंदा, हा भेद त्याने स्पष्ट केला. पहिल्याने माणसाचा मान जातो, दुसऱ्याने त्याचा लौकिक जातो. तोंडावरचा अपमान दरोड्यासारखा, तर पाठीमागची निंदा चोरीसारखी, ही त्याची तुलना मार्मिक आहे. दोन्हींत दुसऱ्याचे काहीतरी नेले जाते आणि जे नेले ते परत करण्याचे कर्तव्य उरते. युरोपातील अनेक कायद्यांतही हा भेद दिसतो. फ्रान्सच्या १८८१ च्या मुद्रण कायद्यात बदनामी आणि अपमान हे वेगळे गुन्हे आहेत. पोर्तुगालच्या १८८६ च्या दंडसंहितेतही ते वेगळे होते. ती संहिता पोर्तुगीज राजवटीत गोव्यात लागू होती, म्हणजे आपल्या गोमंतकीय वाचकांच्या आजोबा-पणजोबांनी हा भेद कचेरीत ऐकला असणार.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. १६०५ मध्ये, दिवंगत आर्चबिशप व्हिटगिफ्ट यांची निंदा करणाऱ्या कवनाच्या प्रकरणात, स्टार चेंबर या न्यायालयाने ठरवले की निंदा खरी असली तरी तो गुन्हाच. कारण निंदेने माणूस पेटून उठतो आणि शांतता भंगते. म्हणजे तेथे कायद्याला चिंता होती ती माणसाच्या मनाच्या जखमेपेक्षा त्यानंतर होणाऱ्या हाणामारीची. इंग्लंडमध्ये बदनामीचा हा फौजदारी गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द झाला. पण शांतताभंगाचा विचार भारतीय दंड संहितेच्या कलम ५०४ मध्ये आपल्याकडे येऊन राहिला होता. मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली ही संहिता १८६० मध्ये संमत झाली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि ५०४ चे कलम आता ३५२ झाले आहे. समोरचा माणूस शांतता भंग करील किंवा अन्य गुन्हा करील अशा हेतूने, किंवा तसे घडण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना, त्याचा जाणूनबुजून अपमान करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केवळ शिवी दिली म्हणून हा गुन्हा आपोआप सिद्ध होत नाही. गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलीस तपासही करीत नाहीत. आमच्या गृहस्थांच्या हाती एन.सी.ची प्रत आली ती त्यामुळेच.

दरम्यान, सिंहासनांची अब्रू राखणारे कायदे युरोपात गळून पडू लागले आहेत. २००८ मध्ये फ्रान्समधील लावाल या गावी एका नागरिकाने राष्ट्राध्यक्ष सार्कोझींच्याच तोंडचे उर्मट शब्द फलकावर लिहून त्यांना दाखवले. त्याला ३० युरोंचा दंड झाला आणि तोही स्थगित ठेवण्यात आला. मार्च २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही शिक्षा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारी ठरवली आणि त्याच वर्षी फ्रान्सने राष्ट्राध्यक्षांच्या अवमानाचा स्वतंत्र गुन्हा रद्द केला. जर्मनीत एका विनोदकाराने २०१६ मध्ये तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांवर केलेल्या कवितेने वादळ उठले. परदेशी राष्ट्रप्रमुखांच्या अपमानाचे विशेष कलम त्या देशाने १ जानेवारी २०१८ पासून काढून टाकले. सामान्य माणसाच्या अपमानाचे कलम १८५ मात्र तेथे कायम आहे. जपानने तर २०२२ मध्ये अपमानाची शिक्षा वाढवून एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. त्यामागे दूरचित्रवाणीवरून परिचित झालेल्या एका तरुण कुस्तीपटू मुलीचा २०२० मधील मृत्यू होता. समाजमाध्यमांवरील विखारी शब्दांचा मारा सहन न होऊन तिने जीवन संपवले होते. शब्द माणसाला मारू शकतात, हे त्या देशाला एका मुलीचा जीव गेल्यावर नव्याने उमगले.

आपल्या देशाने या इतिहासात जे पाऊल टाकले ते आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९८९ च्या अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, या समाजातील व्यक्तीचा चारचौघांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी, तिला हीन लेखण्याच्या हेतूने केलेला अपमान हा गंभीर गुन्हा ठरवला. किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कैद, शिवाय दंड. येथे शांतता भंगेल की नाही, हा प्रश्नच नाही. उलट शतकानुशतके ज्याने अपमान गिळून शांतता राखली, त्याच्याच बाजूने कायदा उभा राहिला. जस्टिनियनच्या ग्रंथातील गुलामाला नाकारलेली अब्रू भारतीय प्रजासत्ताकाने तळाच्या माणसाला दिली.

तथापि हे लिहिताना एक खंत नोंदवलीच पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार आणि त्यातील १९५६ व १९९० च्या दुरुस्त्यांनुसार, अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांपुरता आहे. म्हणून ख्रिस्ती झालेल्या दलिताला जातीवरून तीच शिवी दिली गेली, तर त्याला या कायद्याचे छत्र मिळत नाही. आदिवासी ख्रिस्ती बांधवांना ते मिळते. दिल्लीकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण आपल्याही अंगणात डोकावावे लागेल. लग्नाच्या बोलण्यांत, दफनभूमीच्या वादात, भांडण तापले म्हणजे, एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या आपल्या तोंडून दुसऱ्याच्या जातीचा उच्चार कसा होतो, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने खुनापाठोपाठ भावाला उद्देशून काढलेल्या हीन शब्दाचा विषय घेतला. मिस्सेत ते वाचन ऐकताना आपण ते दुसऱ्या कोणासाठी आहे असे समजतो.

दोन आठवड्यांनी गृहस्थ आले. आम्ही पत्र लिहून ठेवले होते, कारण ते खरोखर सज्जन आहेत आणि दाद मागण्याचा त्यांना हक्क आहे. पण पत्र देताना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली आजच्या कायद्याची: हा गुन्हा आपसांत मिटवता येतो आणि तो मिटवण्याचा अधिकार ज्याचा अपमान झाला त्यालाच आहे, अपमान करणाऱ्याला नाही. दुसरी रोमन कायद्याची: अपमान झाला तेव्हा ज्याने तो मनावर घेतला नाही, त्याला नंतर पश्चात्ताप होऊन तो उकरून काढता येत नसे. सोडून दिलेला अपमान कायमचा सुटला.

‘म्हणजे मिटवणे माझ्याच हातात आहे?’ त्यांनी विचारले.

‘तुमच्याच हातात. आम्ही सांगतो म्हणून मिटवू नका. तुम्हांला जमेल तेव्हा मिटवा.’

पत्र खिशात ठेवून ते गेले. कोर्टात तक्रार काही गुदरली गेली नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही थडग्यांवर आशीर्वादाचे पाणी शिंपडीत जात असता त्यांच्या आईच्या थडग्यापाशी चुलतभाऊ उभा दिसला. त्याने आपल्या चुलतीच्या क्रुसाजवळ मेणबत्ती लावली. गृहस्थ शेजारीच होते. दोघे बोलले नाहीत. वारा सुटला होता. मेणबत्ती विझू लागली तेव्हा गृहस्थांनी ओंजळीचा आडोसा केला.

बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. तो मोजणीदार मिटवील. कायदा गेलेल्या अब्रूची भरपाई ठरवू शकतो आणि दुबळ्याच्या पाठीशी त्याने उभे राहिलेच पाहिजे. मात्र त्या दिवशी त्या माउलीला तिची अब्रू परत मिळाली ती ज्याने हिरावली त्याच्याच हातून, आणि संत थॉमसने सांगितलेले परतफेडीचे कर्तव्य याहून वेगळे नसावे.