आणखी एकच विचारायचे होते

श्रोतेहो, नाटकाच्या जाहिरातीत नायकाचे नाव ठळक अक्षरांत छापले जाते आणि त्याखाली बारीक टाइपात बाकीच्या मंडळींची नावे एका ओळीत उरकली जातात. परंतु खेळ आटोपून घरी परतणाऱ्या प्रेक्षकांच्या तोंडी पुष्कळदा त्या बारीक टाइपातलेच एखादे नाव असते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील तळीराम हा काही नायक नव्हे, पण तळीरामाला वगळून ते नाटक कुणाला आठवेल काय? नायकाच्या साच्यात न बसणारा, पण माणसाचा एखादा नमुना हुबेहूब उभा करणारा जो नट, त्याला आपण चरित्रनट म्हणतो. अशा नटाच्या वाट्याला टाळ्या येतात, सिंहासन सहसा येत नाही. आज ज्याची हकीकत मी सांगणार आहे, त्या अमेरिकन नटाला मात्र सिंहासनही लाभले. आणि नवल असे, की त्यासाठी त्याला आपले चरित्रनटपण टाकावे लागले नाही. त्याचे नाव पीटर फाल्क. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर त्याने उभा केलेला लेफ्टनंट कोलंबो हा पोलीस अधिकारी त्याच्याहूनही अधिक प्रसिद्ध आहे.

फाल्कचा जन्म १६ सप्टेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. तो तीन वर्षांचा असताना त्याच्या उजव्या डोळ्यात कर्करोगाची गाठ निघाली आणि जीव वाचविण्यासाठी तो डोळा काढून टाकावा लागला. तेव्हापासून अखेरपर्यंत त्याने काचेच्या डोळ्यावर संसार केला. हडसन नदीकाठच्या ऑसिनिंग या गावी त्याच्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. तेथेच तो वाढला. काचेचा डोळा असलेल्या मुलाने शाळेत कोपरा धरून बसावे, अशीच कुणाचीही अपेक्षा. पण हा मुलगा बेसबॉल खेळे. एकदा पंचाने त्याला चुकीचे बाद दिले, तेव्हा त्याने आपला काचेचा डोळा काढून पंचाच्या हाती ठेवला आणि याचा तुम्हांलाच अधिक उपयोग होईल, असे सुनावले, ही आठवण तो स्वतः मोठ्या खुषीने सांगत असे. आपले व्यंग लोकांनी हसण्यापूर्वी आपणच हसून त्यांच्यापुढे ठेवायचे आणि त्यांना निःशस्त्र करायचे, ही त्याची रीत बालपणातच ठरून गेली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एका डोळ्यामुळे सैन्यात प्रवेश मिळेना, म्हणून तो व्यापारी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागला. परतल्यावर शिक्षण पुरे केले आणि १९५३ साली सिराक्यूज विद्यापीठाची लोकप्रशासनातील पदव्युत्तर पदवी मिळवली. पदवीच्या बळावर कनेटिकट राज्याच्या हार्टफर्ड येथील अंदाजपत्रक खात्यात नोकरीही मिळाली. हुद्दा होता कार्यक्षमता-तज्ज्ञाचा! आपण इतके कार्यक्षम होतो, की पहिल्या दिवशी आपल्याला कचेरीची इमारतच सापडली नाही, असे तो पुढे म्हणत असे.

या सरकारी कारकिर्दीचा शेवट मोठा नाट्यमय झाला. वेस्टपोर्ट येथे ईव्हा ल गॅलिएन ही थोर अभिनेत्री व्यावसायिक नटांसाठी अभिनयाचे वर्ग घेई. आपण व्यावसायिक नट आहोत असे भासवून फाल्क त्या वर्गात शिरला. हार्टफर्डहून मोटारने यायचे, म्हणून दर वेळी उशीर होई. एके दिवशी बाईंनी कारण विचारले. हार्टफर्डला तर नाटकधंदा नाही, मग तिथे तुम्ही करता काय, असा उलट प्रश्न आला, तेव्हा फाल्कला खरे सांगावेच लागले, की आपण नट नाही. बाई म्हणाल्या, मग तुम्ही व्हायला हवे. त्याच तिरीमिरीत तो परतला आणि त्याने नोकरीचा राजीनामा दिला. वय होते सुमारे २९ वर्षे. या वयात माणसे बढतीची वाट पाहतात. याने पेन्शनीची वाट सोडली.

१९५६ साली न्यूयॉर्कच्या सर्कल इन द स्क्वेअर या छोट्या नाट्यगृहात यूजीन ओनीलचे ‘द आइसमन कमेथ’ गाजत होते. त्यात फाल्कला मद्यालयातील नोकराचे काम मिळाले. चित्रपटाचे दार मात्र सहज उघडेना. कोलंबिया चित्रसंस्थेचे प्रमुख हॅरी कोह्न यांनी त्याची पडदा-चाचणी घेतली आणि एवढ्याच पैशांत मला दोन डोळ्यांचा नट मिळतो, या अर्थाचे उत्तर देऊन त्याला वाटेला लावले, असे फाल्कनेच नमूद केले आहे. श्रोतेहो, हे वाक्य ध्यानात ठेवा. बाजाराच्या हिशेबात माणसाच्या उण्याची किंमत कशी लावतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे. त्या हिशेबातील चूक पुढे फाल्कच्या अवघ्या आयुष्याने दाखवून दिली.

१९६० साली ‘मर्डर, इन्कॉर्पोरेटेड’ या चित्रपटात त्याने एब रेलिस या भाडोत्री मारेकऱ्याची भूमिका केली. चित्रपट सामान्य, पण त्यातील हा मारेकरी असा अंगावर येई, की ऑस्करसाठी दुय्यम भूमिकांच्या गटात फाल्कचे नाव निघाले. पुढच्याच वर्षी फ्रँक काप्राच्या ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’मधील विनोदी भूमिकेने तोच मान पुन्हा मिळवून दिला. १९६२ साली दूरचित्रवाणीवर ‘द प्राइस ऑफ टोमॅटोज’ नावाचे नाटक झाले. टोमॅटोंनी भरलेला ट्रक वेळेवर पोहोचविण्याची घाई आणि वाटेत भेटलेली अडलेली गर्भवती स्त्री, या पेचात सापडलेल्या ट्रकचालकाचे काम फाल्कने केले आणि त्याला एमी पुरस्कार मिळाला. मारेकरी, विदूषक आणि दयाळू ट्रकवाला! चरित्रनटाची ही तिन्ही रूपे त्याच्या ठायी सिद्ध झाली होती. आता हवी होती ती या साऱ्यांना पोटात घेणारी एक भूमिका.

ती भूमिका त्याच्यासाठी लिहिलेली नव्हतीच. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने कोलंबो प्रथम १९६० साली दूरचित्रवाणीवर आणला, तो बर्ट फ्रीड या नटाच्या रूपाने. १९६२ साली ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ हे नाटक झाले, त्यात वयोवृद्ध टॉमस मिचेलने ते काम केले. पुढे याच नाटकावरून दूरचित्रवाणीसाठी चित्रपट काढायचे ठरले, तेव्हा लेखकांच्या मनात ली जे. कॉब आणि बिंग क्रॉस्बी ही नावे होती. कॉब मोकळा नव्हता. क्रॉस्बीने नकार दिला. फाल्कने संहिता वाचून भूमिकेचा हट्टच धरला. लेखकांना तो वयाने लहान वाटत होता. तरी अखेर काम त्यालाच मिळाले. १९६८ साली तो चित्रपट प्रक्षेपित झाला आणि १९७१ पासून एनबीसीवर मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या नियमित भागाचे दिग्दर्शन स्टीव्हन स्पीलबर्ग या चोवीस-पंचविशीतल्या, तेव्हा कुणाला फारसा ठाऊक नसलेल्या तरुणाने केले होते.

कोलंबोच्या कथेची घडण मुलखावेगळी. एरवीच्या रहस्यकथेत खून कुणी केला हे शेवटी कळते. येथे ते आरंभीच डोळ्यांदेखत दाखविले जाते. मग कुतूहल उरते ते एवढेच, की हा चतुर खुनी पकडला जाणार कसा? लेखकद्वयाने आपले ऋण लपविले नाही. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीतील पोर्फिरी पेट्रोव्हिच हा तपास अधिकारी त्यांच्यापुढे होता. विनम्रपणे, अघळपघळ बोलत, गुन्हेगाराच्या मनाला हळूहळू वेढा घालणारा. खुनी बहुधा धनाढ्य: शल्यविशारद, वाद्यवृंदाचा संचालक, मद्याचा रसिक उत्पादक, प्रसिद्ध लेखक. त्यांचे वाडे भव्य, पोशाख उंची, बोलणे सफाईदार. आणि त्या दारात येऊन उभा राहतो चुरगळलेल्या रेनकोटातला, विस्कटल्या केसांचा, चिरूट चघळणारा हा बुटका अधिकारी.

तो रेनकोट फाल्कचा स्वतःचा होता. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये अचानक पाऊस आला, तेव्हा विकत घेतलेला. मोडकळीस आलेली प्यूजो ४०३ ही फ्रेंच मोटारही स्टुडिओच्या आवारातून त्यानेच निवडली. खिशात पेन्सिल सापडू नये, वाक्य अर्धवट सोडून भलतीच चौकशी करावी, कधी न दिसणाऱ्या बायकोच्या गोष्टी सांगाव्यात. यांतले पुष्कळ तो ऐन चित्रीकरणात उत्स्फूर्तपणे करी. त्यामुळे समोरचा नट खरोखरीच गोंधळे आणि तो गोंधळ चेहऱ्यावर उमटे. निरोप घेऊन दारापर्यंत जायचे, तिथे थबकून कपाळाला हात लावायचा, वळायचे आणि आणखी एकच विचारायचे होते, असे म्हणून नेमक्या वर्मावर बोट ठेवायचे, ही तर त्याची खूणच ठरली.

आता पाहा, हा खुनी फसतो कशामुळे? त्याच्या हातून राहिलेल्या पुराव्यामुळे, हे खरे. पण त्याहून अधिक फसतो तो स्वतःच्या तुच्छतेमुळे. समोरच्या माणसाचा कोट पाहून तो त्याची अक्कल ठरवितो. हा वेंधळा, गबाळा, एका डोळ्याने तिरके पाहणारा मनुष्य आपल्याला काय पकडणार, असे मानून तो बेसावध होतो. फाल्कचा तो तिरका, मिचमिचा दृष्टिक्षेप म्हणजे या साऱ्याचे मर्म. ज्याला कमी दिसते असे वाटावे, त्यालाच सर्वांपेक्षा अधिक दिसत असते. ज्या डोळ्यापायी चित्रसंस्थेने त्याला नाकारले, त्याच डोळ्याने ही भूमिका अस्सल केली. दोन डोळ्यांचा नट तितक्याच पैशांत मिळाला असता; कोलंबो मिळाला नसता.

कोलंबो रागावत नाही, हातघाईवर येत नाही. पिस्तुलाचा त्याला कंटाळा. त्याचे शस्त्र म्हणजे चिकाटी आणि सौजन्य. दूरचित्रवाणीचा पडदा लहान, तो माणसाच्या दिवाणखान्यात असतो. तेथे गर्जना कर्कश वाटते आणि भुवईची हालचाल मोठी वाटते. हे त्या माध्यमाचे व्याकरण फाल्कने पुरते ओळखले होते. कामात तो हट्टी होता. मनासारखे होईपर्यंत तेच दृश्य पुनःपुन्हा करी. निर्मात्यांशी भांडून एका भागाचे दिग्दर्शनही त्याने केले. १९६८ ते २००३ या ३५ वर्षांत कोलंबोचे एकूण ६९ भाग झाले आणि त्या भूमिकेने त्याला चार एमी पुरस्कार दिले. पहिला धरून पाच.

परंतु एका भूमिकेचे यश ही नटाची बेडीही ठरू शकते, हे तो जाणून होता. आपला मित्र, दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिस याच्या बिनभांडवली चित्रपटांत तो आवर्जून काम करी. ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’ या १९७४ च्या चित्रपटासाठी त्याने पदरचे पाच लाख डॉलर घातले आणि मनोरुग्ण पत्नीवर प्रेम करणारा, पण तिला कसे सांभाळावे हे न कळणारा मजूर त्यात साकारला. तेथे रेनकोट नाही, चातुर्य नाही. आहे ती केवळ एका साध्या माणसाची तडफड. १९८७ साली विम वेंडर्सच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’मध्ये त्याने चक्क स्वतःचीच भूमिका केली. दुभंगलेल्या बर्लिनमध्ये चित्रीकरणासाठी आलेला हा नट रस्त्यातून चालू लागला, की पोरे त्याला कोलंबो म्हणून ओळखतात. एके काळी तो देवदूत होता आणि मर्त्य माणसाच्या सुखदुःखाच्या ओढीने पृथ्वीवर उतरला, अशी ती कल्पना. फावल्या वेळात तो कोळशाने माणसांची चित्रे काढी. त्या चित्रपटातही तो रेखाटने करताना दिसतो. माणूस निरखणे हाच त्याचा धंदा आणि हाच छंद.

अखेरची वर्षे मात्र कष्टाची गेली. त्याला स्मृतिभ्रंशाने गाठले. २००९ साली त्याच्या पालकत्वाचा प्रश्न कॅलिफोर्नियाच्या न्यायालयापुढे आला, तेव्हा आपण कोलंबो होतो हेही आता त्याच्या स्मरणात नाही, अशी साक्ष डॉक्टरांनी दिली. २३ जून २०११ रोजी, ८३ व्या वर्षी, तो निवर्तला. जन्मभर ज्याने दारातून वळून दुसऱ्यांना त्यांची लपविलेली गोष्ट आठवून दिली, त्याला स्वतःचेच विस्मरण व्हावे, ही नियतीची क्रूर थट्टा नव्हे तर काय?

पण नटाची स्मृती त्याच्या एकट्याच्या मस्तकात राहत नाही. २०१४ साली हंगेरीतील बुडापेस्ट शहरात, फाल्क याच आडनावाच्या एका गृहस्थाचे नाव असलेल्या रस्त्यावर कोलंबोचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला. अंगात तोच रेनकोट, कपाळाशी नेलेला तोच हात, पायाशी तेच सुस्त कुत्रे. शहरांतून पुतळे उभे राहतात ते घोड्यावर बसलेल्या सेनापतींचे. येथे उभा आहे तो चुरगळल्या कपड्यांतला, काहीतरी विसरल्यासारखा भासणारा एक सामान्य माणूस.

श्रोतेहो, आपल्या दारीही असा एखादा गबाळा मनुष्य येतो, कचेरीच्या खिडकीशी घुटमळतो आणि आपण त्याच्या कपड्यांकडे पाहून उत्तर देतो. पुढच्या खेपेस तो जाता जाता वळला आणि आणखी एकच विचारायचे होते म्हणाला, तर त्याचे बोलणे नीट ऐकून घ्यावे.