एल म्हणजे नक्की किती?

अदलिया हा मनामा शहराचा खाण्यापिण्याच्या जागा आणि चित्रदालनांसाठी ओळखला जाणारा भाग. इथे राहणाऱ्याला कपडे घ्यायचे असले तर तीन वाटा असतात. मॉलमधली युरोपीय-अमेरिकी दुकाने, मुहर्रकच्या बाजूला २०१५ साली उघडलेले चिनी मालाचे ड्रॅगन सिटी, आणि जुन्या बाजारातले शिंपी. अंग तेच, पण मॉलमध्ये जो 'एम' असतो तो चिनी कपड्यात 'एक्सएल' होतो आणि शिंप्याकडे त्याला कुठलेच अक्षर नसते.

"चिनी माणसे बारीक, म्हणून त्यांचे कपडे लहान" हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कळायला थोडे मागे जावे लागते.

मुळात आपल्याकडे मापाचा प्रश्न असा नव्हताच. नऊवारी, सहावारी ही नावेच बघा ना! हे कापडाचे माप आहे, बाईचे नव्हे. बाई जाड असो की बारीक, निऱ्या कमी-जास्त होतात, इतकेच. धोतराचेही तसेच. इथल्या अरबी थोबाचा प्रकार याच्याच जवळचा. तयार थोबावर ५४, ५६, ५८ असे आकडे असतात, ते खांद्यापासून खालपर्यंतची लांबी इंचात सांगतात. कपडा सैल, त्यामुळे एका आकड्यावर भागते. कपडा अंगासरशी बसवायचा म्हटले की एक आकडा पुरत नाही आणि तिथून खरी भानगड सुरू होते.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लाखो सैनिकांना गणवेश हवे होते. प्रत्येकासाठी शिंपी कुठून आणणार? मापे ठराविक गटांत वारंवार येतात हे लक्षात आले आणि पुरुषांच्या तयार कपड्यांना त्यातून चालना मिळाली. बायकांच्या कपड्यांचे मात्र कितीतरी वर्षे अंदाजपंचे चालले होते. शेवटी १९३९-४० मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५,००० बायकांची मापे घेतली. प्रत्येकीची पन्नासहून अधिक! अहवाल १९४१ मध्ये आला. पण हिशेबात फक्त गोऱ्या बायकांची मापे धरली गेली. या कामाच्या आधारावर १९५८ मध्ये सरकारी प्रमाण ठरले. म्हणजे 'प्रमाण बाई' कशी असते हे ठरवताना कोणाला मोजायचे आणि कोणाला वगळायचे हे आधीच ठरले होते.

ते प्रमाणही टिकले नाही. मापे सक्तीची राहिली नाहीत आणि १९८३ मध्ये प्रमाण रद्दच झाले. मग दुकानदारांच्या लक्षात आले की लहान आकडा लावला की गिऱ्हाईक खूश होते. १९५८ च्या प्रमाणात ८ नंबरची कंबर जेमतेम २४ इंच होती. आज अमेरिकेत त्याच ८ नंबरची कंबर २८ ते ३० इंच भरते. नंबर तिथेच राहिला, टेप मात्र सरकली.

चीनची वाट वेगळी. तिथे १९७० च्या दशकात सरकारने लाखो लोकांची मापे घेतली आणि १९८१ मध्ये राष्ट्रीय प्रमाण काढले. १९९१ मध्ये त्यात अंगलटीची भर पडली. म्हणून चिनी शर्टाच्या लेबलावर '१७०/८८ए' असे काहीतरी लिहिलेले दिसते. १७० ही माणसाची उंची आणि ८८ हा छातीचा घेर, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. 'ए' म्हणजे छाती आणि कंबर यांच्यात १२ ते १६ सेंटीमीटरचा फरक. 'वाय'मध्ये हा फरक याहून जास्त, 'बी'मध्ये कमी आणि 'सी'मध्ये अवघा २ ते ६. आपल्याकडचे चाळिशीतले किती पुरुष 'सी'त मोडतील हे वाचकांनी आपापल्या घरी पडताळून पाहावे.

आता गणित मांडू. चिनी 'एम' बहुधा १७०/८८ए असतो आणि 'एक्सएल' १८०/९६ए. अमेरिकी पुरुषांचा 'एम' म्हणजे छाती ३८ ते ४० इंच, म्हणजे साधारण ९६ ते १०२ सेंटीमीटर. चिनी 'एक्सएल' जिथे असतो तिथे अमेरिकी 'एम' जेमतेम सुरू होतो. आणि गंमत अशी की चीनमधला कारखाना युरोपच्या मागणीसाठी शिवतो तेव्हा गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तक्त्याप्रमाणेच शिवतो. त्यामुळे माल 'मेड इन चायना' असला तरी 'एल' युरोपचा असू शकतो. माप कापड कुठे शिवले यावर ठरत नाही, ते कोणासाठी शिवले यावर ठरते.

आणि आपण? आपल्या तयार कपड्यांचे तक्ते बहुतांशी ब्रिटिश-अमेरिकी मापांवरून कापून-जोडून घेतलेले आहेत. म्हणून शर्ट पोटाला बसला तर बाही बोटांवर येते. भारतीयांची स्वतःची मापे ठरवण्यासाठी निफ्टने 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला. मुंबई-दिल्लीसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांचे त्रिमिती स्कॅनरने मोजमाप, असा त्याचा आराखडा. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी का होईना, आपण आपल्याच अंगाला टेप लावायची ठरवली हे चांगलेच झाले.

पण सरासरीवर फार विसंबू नये. १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स यांनी दहा मापांत सरासरीजवळ असणारा वैमानिक शोधला. एकही सापडला नाही! मग विमानातली आसने पुढे-मागे सरकवता येतील अशी करावी लागली. माणसाला आसनाच्या मापात बसवायचा हट्ट त्यांनी सोडला.

कपड्यांच्या दुकानात मात्र आपण अजून उलटेच करतो. ट्रायल रूममधून 'डबल एक्सएल' घेऊन बाहेर येणारी कॉलेजातली मुलगी खाली मान घालते, आणि तिची आई "जरा भात कमी कर" म्हणते. ते अक्षर कुठल्यातरी दूरच्या देशात, कुणा तिसऱ्याच माणसांना मोजून ठरलेले असते. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी लेबलावरची अक्षरे सोडून सेंटीमीटर वाचा. आणि तेही नसतील तर कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जा. तो निदान मोजतो तरी तुम्हालाच.