घाटाखाली दुसरे राज्य

‘द हंगर गेम्स’मधला पीटा रिंगणात उतरण्याच्या आदल्या रात्री कॅटनिसला जे सांगतो, त्याचा आशय एवढाच: मेलो तरी चालेल, पण यांनी मला बदलून टाकू नये. २००८ साली आलेल्या या कादंबरीतले पॅनेम काल्पनिक. पिशोरच्या पोरांना मात्र तसल्या राज्याची कल्पना करायला फार लांब जायला नको. पणजोबांच्या वयाचा हिशेब केला तरी पुरे.

१९४८ पर्यंत कन्नड तालुका, म्हणजे पिशोरही, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला गेले की ब्रिटिश मुलूख. इंग्रजांचे राज्य गुलामीचेच, पण वर सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागे. गश्ती ५३ नावाचे एक फर्मान त्यासाठीच होते. लोकांची भाषा मराठी, तेलुगू, कन्नड. उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्ये नीट स्थापन होण्याआधीच बंदी आली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. बंदी आली, मुलांनी संप केला, लोण हैदराबादच्या उस्मानियापर्यंत गेले. पुन्हा म्हणणार नाही असे कबूल करा, नाहीतर चालते व्हा, असा मामला होता. शेकडो मुलांची नावे पटावरून उडाली.

इथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. या गीतावर अनेक मुसलमानांचा आक्षेप होता, आणि १९३७ साली काँग्रेसनेही पहिली दोनच कडवी म्हणायचा ठराव केला होता. म्हणजे ‘चांगली पोरे आणि दुष्ट राजा’ इतके हे सरळ नाही. पण आपल्या प्रार्थनेत काय म्हणायचे हे कोणी ठरवायचे, हा मुलांचा प्रश्न त्याने खोटा ठरत नाही.

वेरोनिका रॉथच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये ट्रिस घर सोडते ते एका भर समारंभात, हातावर सुरी चालवून. आपल्याकडच्या पोरांचे घर सोडणे फारच रुक्ष होते. दाखला गेलेला, घरी बापाला काय सांगायचे हे ठाऊक नाही, आणि खिशात तिकिटापुरते पैसे असले तर असले. मला या भागात कादंबऱ्यांपेक्षा जास्त जीव दिसतो. सही करून परत वर्गात बसावे असे ज्याला वाटले असेल, त्याला भित्रा म्हणायची माझी तयारी नाही. एका पोराच्या शिक्षणासाठी शेत गहाण टाकायचा तो काळ होता.

नागपूर विद्यापीठाने या मुलांना घेतले. कुलगुरू टी. जे. केदार यांनी दार उघडले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही या चळवळीमुळेच नागपूरला गेलेल्यांपैकी. चळवळीतल्या रामचंद्रराव नावाच्या तरुणाला तर लोक जन्मभर ‘वंदे मातरम् रामचंद्रराव’ म्हणत राहिले.

निजामाचे राज्य संपायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावे लागले, म्हणजे जवळपास दहा वर्षे. नागपूरला पोचलेल्या मुलांपुढे तोवर वेगळेच संकट होते. उस्मानियात उर्दूतून शिकलेले गणित आणि विज्ञान आता इंग्रजीत लिहायचे होते, आणि परीक्षा काही थांबणार नव्हती.