शांघायच्या शिपायाचं पिस्तूल

शांघाय म्युनिसिपल पोलिसांची खूण असलेली कोल्ट पिस्तुलं आजही शस्त्रसंग्राहकांकडे अधूनमधून दिसतात. पिस्तूल हातात घेऊन डावीकडचा सुरक्षा-खटका अंगठ्याने वर ढकलायला जावं, तर तो जागचा हलत नाही. हा काही गंजाचा परिणाम नाही. पोलिस खात्यानेच पिन ठोकून तो कायमचा खालच्या बाजूला, म्हणजे गोळी सुटू शकेल अशा बाजूला, जखडून टाकलेला असतो. शिपायांच्या कमरेला पिस्तूल द्यायचं आणि त्यावरची सुरक्षा आपल्याच हाताने निकामी करायची, हा प्रकार पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वेडेपणाचा वाटतो. पण या खात्याने पिस्तुलाबद्दल जितका विचार केला, तितका त्या काळात जगातल्या फार थोड्या पोलिसांनी केला असेल.

हे समजायला पिस्तुलाची चाल थोडी माहीत हवी. कोल्टचं हे पिस्तूल 'सिंगल ॲक्शन' जातीचं. त्याचा चाप एकच काम करतो, ते म्हणजे आधीच मागे ओढून ठेवलेला घोडा सोडणं. घोडा चढवण्याचं काम चापाकडे नाही. वरची स्लाइड मागे ओढून सोडली की घोडा चढतो आणि मॅगझिनमधलं काडतूस नळीत जातं. पुढच्या प्रत्येक गोळीला ते काम स्लाइड आपणहून करते. यामुळे चाप हलका राहतो आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सारखाच लागतो. 'डबल ॲक्शन' रिव्हॉल्व्हरचा चाप मात्र घोडा चढवतो आणि सोडतोही, म्हणून तो लांब आणि जड असतो. घाबरलेल्या माणसाच्या हातून तो ओढताना नेम हमखास हलतो.

हलक्या चापाची किंमत मोजावी लागतेच. घोडा चढवलेलं पिस्तूल कमरेला लावून दिवसभर हिंडायचं का? १९११ साली अमेरिकी लष्कराने जॉन ब्राउनिंगचं .४५ कोल्ट स्वीकारलं, तेव्हा हा प्रश्न घोडदळाने आधीच विचारून ठेवला होता. एका हातात लगाम असलेल्या स्वाराला झाडायला तयार असलेलं पिस्तूल मध्येच सुरक्षित करता यावं, म्हणून अंगठ्याचा खटका त्यात बसवला गेला. दस्त्याच्या मागे आणखी एक सुरक्षा होती, ती मूठ नीट आवळल्याशिवाय गोळी सुटू देत नसे. सैनिकासाठी एवढं पुरेसं होतं. पोलिसाचं दुखणं वेगळं होतं, आणि ते शांघायमध्ये जितकं उघडं पडलं तितकं दुसरीकडे कुठे पडलं नसेल.

शांघायची आंतरराष्ट्रीय वसाहत म्हणजे चीनच्या भूमीवर परदेशी व्यापाऱ्यांच्या नगरपालिकेचं राज्य. तिचं पोलिस दल १८५४ पासूनचं. वरचे अधिकारी इंग्रज, खाली चिनी शिपाई, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पंजाबातून आणलेले शेकडो शीख. पुढे जपानी आणि रशियनही आले. १९२०च्या दशकात शहरात अफूच्या टोळ्या, खंडणीसाठी अपहरणं, सशस्त्र दरोडे यांना ऊत आला होता. चीनभर सरदारांच्या लढाया चालू असल्याने पिस्तुलांची तर रेलचेल होती. गस्तीवरच्या शिपायाला अरुंद बोळात, अंधाऱ्या जिन्यावर, तीन-चार हातांवरून गोळी खायची वेळ येई.

विल्यम फेअरबेर्न १९०७ साली या दलात भरती झाला. त्याआधी तो इंग्लंडच्या मरीन दलात होता. सुरुवातीच्या वर्षांतच एका टोळक्याने त्याला बेदम चोपलं, आणि बरा झाल्यावर तो जपानी जुजुत्सू शिकायला लागला. पुढे दलाचं प्रशिक्षण त्याच्याकडे आलं. त्याचा सहकारी एरिक सायक्स मुळात शस्त्रकंपन्यांचा प्रतिनिधी. पोलिसांच्या राखीव तुकडीत नेमबाजांचं काम तो पाहत असे. या दोघांनी चकमकींची टिपणं ठेवायला सुरुवात केली. कोणी किती अंतरावरून गोळी झाडली, उजेड किती होता, हात कुठे होता, हे सगळं त्यांना हवं असे. साडेबारा वर्षांत ६६६ सशस्त्र चकमकी झाल्याची नोंद त्यांच्या १९४२ सालच्या पुस्तकात आहे.

या नोंदींतून त्यांच्या लक्षात आलं की चांदमारीच्या मैदानावर शिकवलेलं फारसं कामी येत नाही. मैदानावर शिपाई ताठ उभा राहतो, हात लांब करतो, एक डोळा मिटून सावकाश नेम धरतो. बोळात तो वाकतो, दस्ता आवळतो आणि समोरच्या माणसावर नजर रोखून चाप ओढतो. पिस्तुलावरची नेमखूण त्याला दिसतही नाही. अंगाची ही उपजत प्रतिक्रिया मोडून काढण्यापेक्षा तिच्यावरच प्रशिक्षण उभारायचं, असं फेअरबेर्नने ठरवलं. माणसाच्या आकाराचं लक्ष्य, अगदी जवळचं अंतर, पिस्तूल अंगाच्या मध्यरेषेवर, आणि एकेका गोळीऐवजी लागोपाठ दोन गोळ्या.

पिस्तूल निवडतानाही त्याने हाच शिपाई डोळ्यांसमोर ठेवला. रिव्हॉल्व्हरपेक्षा स्वयंचलित पिस्तुलात गोळ्या जास्त मावतात आणि ते पुन्हा भरायला वेळ कमी लागतो. चापही हलका. .४५ कोल्ट दणकट होतं. लहान हातांना पेलेल असं .३८० कोल्टही दलाने घेतलं. उरला प्रश्न सुरक्षेचा. घाईत असलेला शिपाई खटका खाली करायला विसरेल, किंवा आपण तो खाली केला आहे अशा समजुतीत चाप ओढत बसेल, अशी फेअरबेर्नला भीती होती. वर्षातून थोडेच तास सराव मिळणाऱ्या माणसाच्या अंगठ्यावर जीव सोपवायचा नाही, असा त्याचा निर्णय. म्हणून खटका जखडला गेला. पिस्तूल मात्र कमरेला लावायचं ते नळी रिकामी ठेवून, भरलेल्या मॅगझिनसह. नळीत काडतूसच नसल्यावर खटक्याची गरजही उरत नाही.

मग झाडायची वेळ आली की? उजव्या हाताने पिस्तूल काढताना ते आडवं करायचं, डाव्या हाताने स्लाइड घट्ट धरायची, उजवा हात पुढे रेटायचा आणि स्लाइड सोडायची. काडतूस नळीत, घोडा चढलेला, पिस्तूल समोर. हे सगळं एका दमात, हजारदा घोटून. एक हात जखमी असेल किंवा संशयिताच्या मानगुटीवर असेल, तर ही पद्धत उघडी पडते, हे टीकाकारांनी पुढे बरोबरच दाखवून दिलं. शांघायच्या अधिकाऱ्यांनी तो धोका पत्करला. ठाण्यात, बराकीत, गर्दीत चुकून सुटलेल्या गोळीपेक्षा तो त्यांना बरा वाटला.

सरावाची जागाही मैदानापुरती राहिली नाही. शिपायाला पुढे काय येणार ते न सांगता अंधाऱ्या वाटेवर, जिन्यावर, खोल्यांत सोडायचं. मध्येच आवाज, मध्येच कोपऱ्यातून उसळणारी माणसाच्या आकाराची फळी. आज जगभरची विशेष पथकं ज्याला 'शूट हाऊस' म्हणतात, त्याचा हा एक आरंभ.

फेअरबेर्नच्या चाहत्यांना मात्र ३० मे १९२५ची आठवण काढायला आवडत नाही. त्या दिवशी नानकिंग रोडवर लौझा ठाण्यासमोर जमलेल्या निदर्शकांवर इंग्रज इन्स्पेक्टरच्या हुकुमाने शीख आणि चिनी शिपायांनी गोळ्या झाडल्या. माणसं मेली, आणि चीनभर संपाची लाट उसळली. त्यानंतर दंगल हाताळण्यासाठी एक राखीव तुकडी उभी राहिली, तीही फेअरबेर्नच्याच हाताखाली. म्हणजे ज्या दलाने गोळी केव्हा आणि कशी सुटावी याचा इतका बारीक विचार केला, ते दल परक्या राज्याचंच होतं. पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा तिथे साहेबाच्या हुकुमाने चिनी विद्यार्थ्यांसमोर उभा होता. तंत्राचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

१९४० साली फेअरबेर्न इंग्लंडला परतला, आणि तो व सायक्स कमांडो आणि गुप्तहेरांना शिकवू लागले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी कट्यार याच काळातली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याने नेमकं उलटं सांगितलं. नळीत काडतूस, घोडा चढलेला, खटका लावलेला, अशा अवस्थेतच कोल्ट कमरेला असावं. पिस्तूल काढतानाच अंगठा खटका खाली करेल. लॉस एंजेलिसच्या डेप्युटी शेरीफ जॅक वीव्हरची दोन हातांची पकड त्याने उचलून धरली, आणि १९७६ साली ॲरिझोनात आपली शाळा काढली. कूपरचं म्हणणं चूक नव्हतं, पण ते ज्यांना उद्देशून होतं ती माणसं आठवड्यामागून आठवडे गोळ्या झाडणारी होती. गस्तीवरचा पोलिस तसा नसतो, आणि अमेरिकेतल्या बहुतेक खात्यांनी ते ओळखलं होतं. त्यांच्या कमरेला डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरच राहिली.

११ एप्रिल १९८६ला मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मेले, तेव्हा रिव्हॉल्व्हरच्या युगाला ओहोटी लागली. तरी खात्यांनी सिंगल ॲक्शन कोल्ट उचललं नाही. ज्यांना चढवावा लागणारा घोडा नाही आणि वेगळा खटकाही नाही, अशा ग्लॉकसारख्या पिस्तुलांकडे ती वळली. न्यूयॉर्क पोलिसांनी तर ग्लॉक घेतानाच त्याचा चाप मुद्दाम जड करून घेतला, सुमारे साडेपाच किलोंचा, चुकून गोळी सुटू नये म्हणून. शांघायच्या पिनेचीच ही उलटी आवृत्ती: शिपाई बदलता येत नाही, तर पिस्तूल बदला. सिंगल ॲक्शन पिस्तूल उरलं ते लॉस एंजेलिसच्या स्वॅट पथकासारख्या ठिकाणी, जिथे सराव हाच कामाचा मोठा भाग असतो. एफबीआयच्या ओलीस-सुटका पथकाचं पहिलं पिस्तूलही सिंगल ॲक्शनच होतं, ब्राउनिंग हाय-पॉवर.

हे हाय-पॉवर भारताच्याही ओळखीचं. ब्राउनिंगच्या अखेरच्या रचनेवरून बेल्जियममध्ये ते तयार झालं आणि दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या इंग्लिस कारखान्याने चीनच्या सरकारसाठी बनवलं. त्याच धाटणीचं ९ मिमी पिस्तूल पश्चिम बंगालच्या इशापूर रायफल फॅक्टरीत बनू लागलं, आणि लष्कराबरोबर पोलिसांकडेही पोचलं. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, चाप एकच काम करणारा, डाव्या बाजूला अंगठ्याचा खटका. शांघायमध्ये जो पेच पडला तोच या पिस्तुलाबरोबरही येतो: घोडा चढवून ठेवायचा की नळी रिकामी?

याचं उत्तर पिस्तुलात नाही, सरावाच्या वेळापत्रकात आहे. पोलिसांसाठी नवं पिस्तूल खरेदी होत असल्याची बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा किमतीच्या आकड्याशेजारी दुसरा आकडाही शोधा: दर शिपायाला वर्षभरात सरावासाठी किती काडतुसं मिळणार. तो आकडा बातमीत नसेल, तर आमदाराला विचारा.