लाल रंगाचे तीन गुण

आयरिश रेड एल परीक्षकासमोर येते तेव्हा तिच्या रूपाला ५० पैकी फक्त ३ गुण असतात. रंग, नितळपणा, फेस, सगळं त्यातच. वासाला १२, चवीला २०, तोंडात ती जड लागते की हलकी याला ५ आणि एकूण प्रभावाला १०. ही वाटणी बीजेसीपी, म्हणजे बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची. अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या गुणपत्रिकेवर आज देशोदेशींच्या घरगुती बिअरच्या स्पर्धा चालतात. मी आयर्लंडमध्ये कॉर्कला राहतो, दिवसा दूध-लोण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो. रंगाला तीनच गुण ठेवणाऱ्याने फार विचार केला असावा असं मला वाटतं, कारण या बिअरचा इतिहास रंगाच्या मागे लागून बराच वाहवत गेलाय.

मूळचा मी कोल्हापूरचा. गुळाच्या सौद्यात ढेप पिवळीधमक दिसली की बोली चढते, आणि त्या पिवळेपणासाठी काही गुऱ्हाळांत काहिलीत हायड्रॉस पावडर पडते. जाणता व्यापारी मात्र खडा फोडून जिभेवर ठेवतो, खारट लागतो का, कणी कशी आहे ते बघतो. रेड एलच्या बाबतीतही खडा फोडूनच बघावा लागतो.

लेबलांवर विश्वास ठेवला तर ही बिअर शेकडो वर्षांची. स्मिथविकच्या बाटलीवर १७१० हे साल असतं, आणि ते साल खोटं नाही. जॉन स्मिथविकने किलकेनीत फ्रान्सिस्कन मठाच्या आवारात रिचर्ड कोलच्या भागीदारीत दारूभट्टी घातली ती तेव्हाच. स्मिथविक कॅथलिक, आणि त्या काळी कॅथलिकांना जमीन विकत घेता येत नसे, भाडेपट्टासुद्धा ३१ वर्षांच्या वर मिळत नसे. पायाखालची जमीन स्मिथविक घराण्याच्या मालकीची झाली १८२७ मध्ये, एडमंड स्मिथविकच्या हयातीत. तेराव्या शतकातल्या मठाचा मनोरा पुढची जवळजवळ दोनशे वर्षं भट्टीच्या कुंपणात, टाक्या आणि पिंपांच्या शेजारी उभा होता. धंदा खरा, चिकाटी खरी. पण १७१० मध्ये तिथे जी एल मुरत होती ती आजची रेड एल नव्हे, आणि हे कशावरून, तर त्या लाल रंगावरूनच कळतं.

आजच्या रेड एलला माणकासारखी झाक येते ती भाजलेल्या बार्लीमुळे. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून वाळवलेली बार्ली. ही भाजायची बार्ली मात्र मोड न आणता, कच्चीच कॉफीच्या बियांसारखी काळी भाजतात. ब्रिटिश अमलात माल्टवर कर होता आणि आयर्लंड त्याच अमलाखाली होतं. मोड न आणलेलं धान्य वापरलं तर कर बुडतो, म्हणून ते बिअरमध्ये घालायला कायद्याने बंदी होती. काळा रंग हवा असेल तर माल्टच भाजावा लागे. डॅनियल व्हीलरने त्यासाठी फिरत्या पिंपाच्या भट्टीचं पेटंट घेतलं ते १८१७ मध्ये. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर उठवला १८८० मध्ये, आणि तिथून भाजलेल्या बार्लीला रस्ता मोकळा झाला. म्हणजे आज ज्या धान्याला आपण आयरिश रेडची ओळख समजतो, ते माल्टवरचा कर असेपर्यंत स्मिथविकच्या टाकीत कायदेशीरपणे पडूच शकत नव्हतं.

शिवाय एकोणिसाव्या शतकात आयर्लंड पोर्टर या काळ्या बिअरचं झालं होतं. आर्थर गिनेसचा कारखानासुद्धा आधी एल काढायचा; १७९९ पासून त्यांनी एल थांबवून सगळा भर पोर्टरवर दिला. एल उरली ती किलकेनी, एनिसकॉर्थी अशा गावांत. एनिसकॉर्थीच्या लेट घराण्याची भट्टी १८६४ ची, तिची रूबी एल वेक्सफर्ड परगण्यात खपायची. १९५६ मध्ये ती भट्टी बंद पडली. किलकेनीची स्मिथविक १९६५ मध्ये गिनेसने घेतली.

गोष्ट इथे संपली असती. पण लेटांच्या वंशजाने, जॉर्ज किलियन लेट यांनी, आपलं नाव आणि बिअर आधी फ्रान्सच्या पेलफोर्थला आणि मग १९८१ मध्ये अमेरिकेच्या कूर्सला परवान्यावर दिली. ‘किलियन्स आयरिश रेड’ अमेरिकेत घरोघर पोचली. कूर्सने पुढे तिची चक्क लागर, म्हणजे एलहून वेगळ्याच जातीची बिअर, केली, तरी नाव आणि रंग तसाच राहिला. तो काळही नेमका होता. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये कायद्यावर सही केल्यावर अमेरिकेत घरी बिअर गाळणं कायदेशीर झालं होतं, हौशी लोक गॅरेजमध्ये पातेली चढवत होते, स्पर्धा भरत होत्या. स्पर्धा म्हटली की वर्ग पाडावे लागतात, आणि वर्ग पाडला की व्याख्या लिहावी लागते. आयरिश रेड एल ही लेखी, मोजमापाची गोष्ट झाली ती या परीक्षकांच्या टेबलावर. बीजेसीपीची आजची मार्गदर्शिका हे प्रामाणिकपणे मान्य करते: हा प्रकार मुळात ‘बिटर’ या इंग्लिश एलचाच अवतार, हॉप्सची कडू फुलं कमी केलेला आणि भाजलेल्या धान्याची जोड दिलेला.

ती मार्गदर्शिका हातात घेऊन मी बसतो तेव्हा ग्लास एकतृतीयांशच भरतो आणि तळव्यांत धरून थोडी ऊब देतो. थंडगार बिअरला वास फुटत नाही. चांगल्या रेड एलचा वास माफक असतो, टोस्टचा, थोडा कॅरामलचा. माझ्या नाकाला आधी लोणी कळतं, नोकरीच तशी आहे. यीस्ट आंबवताना डायअसिटिल तयार होतं आणि लोण्याला लोण्याचा वास देणारं रसायनही तेच. शेवटचे काही दिवस बिअर जरा उबेला ठेवली तर यीस्टच ते परत खाऊन टाकतं. घाई करून बाटल्या भरल्या की ते राहून जातं. या प्रकारात त्याची पुसटशी चाहूल चालते, ठळक लोणी मात्र नाही. मग पहिला घोट: आधी मऊ गोडी, मागून बिस्किटासारखा धान्याचा स्वाद, आणि गिळल्यानंतर जिभेच्या मुळाशी कोरडेपणा. त्या कोरडेपणासाठीच भाजलेली बार्ली, एकूण धान्याच्या दोन-तीन टक्के. हात सैल सुटला की राख आणि कॉफी लागते. उलट, रंगासाठी नुसता कॅरामल माल्ट ओतला की दिसायला लालबुंद आणि चवीला पाक. अशा बिअरला रूपाचे तिन्ही गुण मिळतात आणि चवीच्या वीसपैकी नऊ-दहावर ती अडकते. स्पर्धेत हे फार दिसतं आणि मला वाईट वाटतं, कारण गाळणाऱ्याची मेहनत पुरेपूर असते, डोळ्यापुढचा आदर्श मात्र लेबलावरचा असतो.

आयर्लंडने ही बिअर परत घेतली ती अलीकडे. कार्लोची ओ’हारा आणि डब्लिनची पोर्टरहाउस १९९६ ची, कॉर्कची फ्रान्सिस्कन वेल १९९८ ची, तीही एका जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या जागेवर. २००५ मध्ये छोट्या भट्ट्यांना अबकारी करात सवलत मिळाली आणि संख्या वाढू लागली. किलकेनीची स्मिथविक भट्टी २०१३ मध्ये बंद झाली, ती बिअर डब्लिनला हलवली गेली. पण २०१६ मध्ये त्याच गावात सलिव्हन हे जुनं नाव पुन्हा उभं राहिलं. बीजेसीपीच्या मार्गदर्शिकेत नमुन्याच्या बिअरची यादी असते. २००८ च्या यादीत क्लीव्हलंडची ग्रेट लेक्सही होती, बोस्टनची हार्पूनही होती. २०२१ च्या यादीत ओ’हारा, पोर्टरहाउस, स्मिथविक, आणि आमच्या कॉर्कची रेबेल रेड. ही रेबेल रेड फ्रान्सिस्कन वेलची, आणि ती कंपनी २०१३ मध्ये घेतली मोल्सन कूर्सने, म्हणजे किलियन्स विकणाऱ्याच घराने. मालक कोणीही असो, परवा घेतलेल्या पिंटला गोडी बेताची होती, शेवट कोरडा होता. मी तिला चाळीस दिले असते.